मालकाचं नाव मोठ्या अक्षरात

गल्लीत तिला सगळे पेंटरीण म्हणत. पेंटरची बायको म्हणून नव्हे, ती स्वतःच पेंटर होती म्हणून. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती "पाटी वाळेपर्यंत थांबणारा कुणी भेटला नाही" असं सांगून वाटेला लावी. दुकानांचे फलक, दवाखान्यांच्या पाट्या, दारावरची नावं, 'येथे गाडी लावू नये'. चाळीस वर्षं हेच काम. छापील फलक आले आणि गावातले निम्मे पेंटर घरी बसले, पण पेंटरीण बसली नाही. तिचं अक्षर असं होतं की रस्त्यापलीकडून म्हातारा माणूससुद्धा चष्म्याशिवाय वाचे. आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत ती कुणाच्या बापाला ऐकत नसे. एका डॉक्टरनं स्वतःच्याच पाटीवर 'तपासणि' लिहून मागितलं, तर तिनं सरळ 'तपासणी' लिहिलं आणि वर म्हणाली, "डॉक्टर, औषध चुकलं तर तुमचं तुम्ही बघा. अक्षर चुकलं तर लोक मला हसतील."

हात तिला वडिलांकडून आला होता. घरही त्यांनीच बांधलेलं. खाली रंगाचं दुकान, वर दोन खोल्या, वडिलांच्या मागे अर्धं तिचं आणि अर्धं धाकट्या भावाचं. भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या वसाहतीत राही, ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर होता. महिन्यातून एकदा येई, चहा घेई आणि जाताना म्हणे, "ताई, विकून टाकू या हे. ही गल्ली मेलीय."

गल्ली मेली नव्हती, पण तिला धाप लागली होती एवढं खरं. आणि त्याचं कारण होतं कोपऱ्यावरची तीन मजली इमारत. पेंटरिणीच्या घराची आडवी भिंत, जिला खिडकी नव्हती ती, बरोब्बर त्या इमारतीच्या दरवाजासमोर यायची. मधे फक्त रस्ता.

एकेकाळी त्या इमारतीत सहा कुटुंबं राहत, खाली वह्या-पेनांचं दुकान होतं. मग एकदा पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप मधूनच फुटला. मालकाला निरोप गेले. मालक कोण, कसा दिसतो, कुणी पाहिलेलं नव्हतं, एक कारकून यायचा तेवढाच. तो म्हणाला, सांगतो. पाइप तसाच राहिला आणि भिंत पाणी पीत राहिली. दुसऱ्या वर्षी जिन्यातला दिवा गेला. मग पहिल्या मजल्याचं कुटुंब गेलं आणि त्यांच्या खिडकीची काच फुटली. एक काच फुटलेली दिसली की रिकाम्या हातांना खाज सुटते, तशा एकामागून एक सगळ्या फुटल्या. बाकीची कुटुंबंही एकेक करून गेली, मग वह्यांचा दुकानदार गेला. त्याच्या बंद शटरसमोर लोक कचरा टाकायला लागले, आधी लाजत, मग खुशाल. चार वर्षांत इमारत अशी झाली की संध्याकाळी बायका मुलींना म्हणायच्या, त्या बाजूनं येऊ नकोस, लांबून ये. गिऱ्हाईक लांबून येत नाही, ते येतच नाही. इमारतीच्या शेजारचा सलूनवाला गेला, त्यानंतर चपलांचं दुकान.

राहिला तो शिंपी. इमारतीला लागूनच त्याचं एका मशीनचं दुकान होतं. पेंटरीण त्याला मास्टर म्हणे. दोघांचं रोज भांडण होई, कारण तो रेडिओ मोठ्यानं लावी आणि ती शिव्या मोठ्यानं देई. पण डबा खायच्या वेळेला ती रस्ता ओलांडून त्याच्याकडेच जाई.

त्या दिवशीही ती निघालीच होती. भर दुपारी. मास्टर दुकानाचं शटर अर्धं ओढत होता, आणि वरून, तिसऱ्या मजल्याच्या सज्जाचा एक तुकडा सुटला. पाटाएवढा. काही कडाडलं नाही, काही नाही. आधी मूठभर माती पडली. मास्टरनं वर बघितलं, बाजूला झाला, पण पुरता झाला नाही. तुकडा डोक्यावर यायचा तो खांद्यावर आला.

"मास्टर!" पेंटरिणीच्या हातातला डबा रस्त्यात पडला.

मास्टर खाली बसला होता, पांढराफटक. म्हणाला, "कापड... कापडावर धूळ पडली असेल, बघा जरा."

खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. उजवा खांदा. मशीनखाली कापड सरकवायचा हात. डॉक्टर म्हणाले, तीन महिने काम नाही, आणि त्यानंतरही हात पूर्ण वर जाईल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पेंटरीण महापालिकेत गेली. टेबलामागच्या माणसानं फाइल काढली, धूळ झटकली. "नोटीस पाठवली आहे की," तो म्हणाला.

"कधी?"

"तीन वेळा पाठवली आहे."

"मग?"

"मग काय? मालकानं मुदत मागितली. मुदत दिली."

"कितीदा?"

"तीनदा."

पेंटरिणीनं पिशवीतून चष्मा काढला. मग म्हणाली, "साहेब, मालकाचं नाव काय?"

त्या माणसाला वाटलं होतं बाई आरडाओरडा करेल. नाव विचारल्यावर तो उलट सुटल्यासारखा झाला. नोंदवही सगळ्यांना बघायला खुली असते, बघा खुशाल, म्हणाला. तिनं चष्मा लावला आणि पाटीचा मजकूर उतरवून घ्यावा तसं सगळं उतरवून घेतलं. नाव, आडनाव, पत्ता, फोन. खाली त्याच माणसाच्या नावावर आणखी सहा इमारती होत्या. परत येताना तिला एक गोष्ट कळून चुकली. इतकी वर्षं सगळी गल्ली 'ती इमारत' म्हणत होती. इमारतीनं पाइप फोडला, इमारतीनं दिवे घालवले, इमारतीनं मास्टरचा खांदा मोडला. इमारत कुठली काय करते? करणारा माणूस होता, आणि त्याचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं.

घरी येऊन तिनं शिडी काढली. आडव्या भिंतीला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. ते वाळल्यावर खडूच्या दोऱ्यानं रेषा पाडल्या आणि वडिलांचा रुंद ब्रश घेऊन चढली. आधी अक्षरांच्या उभ्या रेघा, मग पोटं, मग सगळ्यात शेवटी वरची शिरोरेषा, एका दमात. 'खांब उभे करून मग छप्पर टाकायचं,' असं वडील सांगत. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबायला लागला.

भिंतीवर वीतभर उंचीच्या, निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'समोरच्या इमारतीचे मालक', आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत त्यांचं पूर्ण नाव. पत्ता. फोन. त्याखाली बारीक पण ठसठशीत: 'पाण्याचा पाइप चार वर्षं फुटलेला. जिन्यात दिवा नाही. खिडक्या अकरा, काच एकीलाही नाही. सज्जा पडला, शिंप्याचा खांदा मोडला. उरलेला सज्जा अजून वर आहे. खालून जाताना जपून.'

शिवी नाही, शाप नाही, एक उद्गारचिन्हसुद्धा नाही.

मास्टर गळ्यात हात बांधून बघायला आला. बराच वेळ वाचत राहिला. म्हणाला, "माझा खांदा एवढ्या सुंदर अक्षरात लिहिला जाईल असं वाटलं नव्हतं."

"रेडिओबद्दल पण लिहिणार होते," ती म्हणाली. "जागा उरली नाही."

आठवड्याच्या आत मालक आले. स्वतः. गाडी गल्लीत शिरेना म्हणून चालत यावं लागलं. पांढरा शर्ट, वय पासष्टीच्या आसपास, आवाज हळू. रागानं लाल झालेला माणूस येईल अशी तिची अपेक्षा होती. हे गृहस्थ थकलेले दिसत होते.

"बाई, हे पुसा."

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"दिवसाला वीस फोन येतात मला. लोक विचारतात सज्जा कधी करणार. माझी सून विचारते हे काय आहे म्हणून. ही बदनामी आहे."

"नाव तुमचं नाही?"

"माझंच आहे."

"इमारत तुमची नाही?"

"आहे."

"पाइप फुटलेला नाही?"

मालकांनी वर बघितलंच नाही. "तुम्हाला यातलं कळत नाही," ते म्हणाले. "जुन्या इमारतीत किती घालायचं याला काही मर्यादा असते. ती पडायलाच आलीय. पडली की नवी बांधू. तुमच्या गल्लीचंच भलं होईल."

"पडायला आली नव्हती. तुम्ही आणली. चार वर्षं वाट बघताय ती पडायची. आणि तोवर आमची घरं मातीमोल झाली की तीही घेणार, हो ना? तुमचा दलाल माझ्या भावाकडे दोनदा येऊन गेला."

"मी वकिलाकडे जाऊ शकतो."

"जा. भिंत माझी, रंग माझा, हात माझा. मजकूर तेवढा तुमचा आहे. तो बदला, मी त्याच दिवशी शिडी लावते."

मालक वकिलाकडे गेले असतील, नसतील. पण त्यांनी केलं ते वकिलालाही सुचलं नसतं. त्यांनी महापालिकेत तक्रार दिली, पेंटरिणीच्या घराबद्दल.

पुढच्या आठवड्यात तिचं घर तपासायला महापालिकेच्या एक तरुण निरीक्षक बाई आल्या, हातात बॅटरी आणि छोटी हातोडी. पुढची बाजू बघितली, ठीक. मग मागे गेल्या. मागची भिंत पेंटरिणीनं किती वर्षांत नीट बघितली नव्हती, तिलाच आठवेना. तिकडे कोण जातं? रिकामे रंगाचे डबे ठेवायची जागा ती. निरीक्षक बाईंनी हातोडीनं ठोकलं तर आतून पोकळ आवाज आला. दुसऱ्यांदा ठोकलं, तर टोपलीभर गिलावा त्यांच्या बुटावर पडला. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या.

"कधीपासून आहे हे?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

पेंटरीण खाली वाकून पडलेला गिलावा उचलायला लागली. 

"तीस दिवसांची मुदत देते. लेखी." कागद देताना त्या थांबल्या. "वाईट वाटून घेऊ नका. मला तक्रार आली की यावंच लागतं."

"मागून पलीकडच्या मुलींची शाळेची वाट आहे," पेंटरीण म्हणाली. ती हे निरीक्षक बाईंना सांगत नव्हती.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. जे लोक भिंत वाचून माना डोलवत होते, तेच आता हसत होते. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ नाही,' असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालंही. भावाचा फोन आला. "झालं समाधान? आता तरी ऐक ताई. ती पाटी पूस, मी त्यांच्याशी बोलतो, चार लोकांत शोभा नको."

"तू मागची भिंत कधी बघितली होतीस?" तिनं विचारलं.

"मी? मी कशाला बघू? मी तिथं राहतो का?"

"तेच ते म्हणतात. समोरचे."

फोन तिनं ठेवून दिला. त्या संध्याकाळी ती मास्टरकडे गेली नाही. खालच्या पायरीवर बसून राहिली. पुसून टाकावं असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त, आणि राग कुणावर काढावा कळत नव्हतं, कारण या वेळी तो माणूस तिच्याच घरात राहत होता.

सकाळी उठली, शिडी लावली. निळ्या मजकुराखाली बरीच जागा होती. तिथं तेवढ्याच मोठ्या अक्षरात तिनं लिहायला घेतलं: 'या घराची मालकीण', पुढे स्वतःचं पूर्ण नाव. 'सहमालक', पुढे भावाचं पूर्ण नाव, त्याचा पत्ता, फोन. 'मागची भिंत पोकळ, सळया गंजलेल्या. मालकांचं लक्ष नव्हतं. तीस दिवसांत दुरुस्त करणार. मागच्या वाटेनं जाणाऱ्यांनी तोवर पलीकडच्या कडेनं जावं.'

हसणारे हसायचे थांबले.

भाऊ मात्र दुसऱ्याच दिवशी तणतणत आला. "माझं नाव? माझा फोन? ऑफिसातल्या साहेबांचा ड्रायव्हर याच गल्लीतून पायी घरी जातो, ताई! त्यानं सगळ्यांना सांगितलं!"

"खोटं काय लिहिलंय ते दाखव. आत्ता पुसते."

तो भिंतीसमोर उभा राहिला. वाचलं, परत वाचलं. "'लक्ष नव्हतं' असं कशाला लिहायचं?" म्हणाला, पण आवाज उतरला होता. मग दोघं मागं गेली. त्यानं पोकळ भिंतीवर बोटानं टकटक केलं, तर त्याच्याही बुटावर गिलावा पडला.

"बाबांनी ही भिंत बांधली तेव्हा मी वाळू चाळत होतो," तो म्हणाला.

"चाळत होतास? तू वाळूत झोपला होतास. विटा मी उचलल्या."

"एवढं पण नाही हं ताई!"

रविवारी तो जुनी पँट घालून आला. गवंडी लावला होता. भावानं पोकळ गिलावा पाडला, बहिणीनं सळयांचा गंज घासला आणि त्यांना लाल रंगाचा हात दिला. चार रविवार. दरम्यान गवंड्यानं सळया बांधून भिंत पुन्हा भरली. पंचविसाव्या दिवशी पेंटरीण स्वतः महापालिकेत गेली आणि निरीक्षक बाईंना म्हणाली, "या, ठोका."

त्यांनी ठोकलं, वरपासून खालपर्यंत. कागदावर सही केली. पेंटरिणीनं भिंतीवर आपल्या नावासमोर एकच शब्द जोडला: 'झालं.' आणि तारीख.

इथून गोष्ट फिरली. मास्टर आला आणि म्हणाला, "माझ्या दुकानाचं छप्पर गळतं. मालक मीच आहे. लिहा." पलीकडच्या घरातल्या आजोबांनी आपल्या मोडक्या गेटचं सांगितलं. दोन घरच्या लोकांना ती भिंत डोळ्यांत खुपायला लागली, त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पण आपलं नाव चढायच्या आत त्यांचे वाकडे जिने सरळ झाले, हेही सगळ्यांनी बघितलं. गल्लीतल्या कुणाचंही तिनं न विचारता लिहिलं नाही. ज्याच्या हलगर्जीपणानं दुसऱ्याचं हाड मोडलं, त्याला मात्र ती विचारायला गेली नव्हती आणि जाणारही नव्हती.

मालकांची चौथी सुनावणी लागली तेव्हा त्यांनी पुन्हा मुदत मागितली. पेंटरीण मागच्या खुर्चीवर बसली होती, मास्टर शेजारी. निरीक्षक बाईंनी दोन फाइली शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांच्या साहेबांना म्हणाल्या, "सर, या गृहस्थांनीच एका बाईंची तक्रार केली होती. एकटी बाई, दोन खोल्यांचं घर, तीस दिवसांची मुदत. पंचवीस दिवसांत काम पुरं. यांना चार वर्षं झाली. आता यांना कुठल्या तोंडानं मुदत द्यायची ते सांगा."

साहेबांनी आधी मालकांकडे बघितलं, मग मागे बसलेल्या मास्टरच्या वाकड्या खांद्याकडे. मुदत मिळाली नाही. तीस दिवसांत काम सुरू करा, नाहीतर पालिका करेल आणि तुमच्याकडून वसूल करेल, असा आदेश निघाला.

बाहेर व्हरांड्यात मालकांनी तिला गाठलं. "बाई, भांडण मिटवू. माझ्या सातही इमारतींच्या पाट्या तुम्ही लिहा. कायमचं काम देतो. ती भिंत तेवढी पुसा."

मास्टरनं श्वास रोखला. पाट्यांचं काम किती कमी झालंय हे त्याला माहीत होतं.

"पाट्या लिहीन," पेंटरीण म्हणाली. "सातही लिहीन, आणि अशा लिहीन की लोक थांबून बघतील. पण भिंत आणि पाट्या ही दोन वेगळी कामं आहेत. एकाची लाच दुसऱ्याला चालत नाही."

काम तिला मिळालं नाही. पण पंधरा दिवसांनी इमारतीला बांबूंची परांची चढली. सज्जा पाडून नवा झाला. पाइप बसला, जिन्यात दिवा लागला. खिडक्यांना काचा बसत होत्या त्या दिवशी गल्लीतले लोक खुर्च्या टाकून बघत होते, आणि अकरावी काच बसल्यावर कुणीतरी शिट्टी मारली. पेंटरीण प्रत्येक कामापुढे 'झालं' लिहीत गेली. खांद्याच्या ओळीपुढे मात्र काही लिहिता आलं नाही. ती ओळ तशीच राहिली. वह्यांचा दुकानदार परत आला नाही. त्याच्या जागी सायकली दुरुस्त करणारे बापलेक आले.

शेवटच्या दिवशी मालक परांची उतरवताना बघायला आले होते. भिंतीसमोर येऊन उभे राहिले.

"सगळं झालं. आता नाव पुसायला काय हरकत आहे?"

"आता?" पेंटरिणीला खरंच आश्चर्य वाटलं. "नाव लपवायचे दिवस होते तेव्हा नाही पुसलं. आता तर दाखवायचे दिवस आलेत. थोडं उडालंय, उद्या पुन्हा गिरवते."

 जाताना मालकांनी मागं वळून एकदा सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत.

त्यानंतर सहा महिन्यांनी पेंटरीण महापालिकेच्या विभाग कार्यालयासमोर शिडी लावून उभी होती. भिंत समोरच्या चष्मेवाल्याची, त्याची लेखी परवानगी खिशात. 'समोरच्या इमारतीचे मालक: महानगरपालिका' एवढं लिहून झालं होतं. निरीक्षक बाई धावतच बाहेर आल्या.

"अहो बाई! हे आमचं ऑफिस आहे!"

"परवा जन्मदाखल्यांच्या खोलीत लोक छत्र्या उघडून बसले होते. छप्पर गळतं की नाही?"

"गळतं."

"मग खाली उतरू?"

निरीक्षक बाईंनी मागं वळून साहेबांच्या खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. त्या शिडीच्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मागच्या जिन्याचा कठडा पण तुटलाय. तोही लिहा."